गाडी जिथे थांबते, तिथे चार्जर

पावसाळा लागला की नागपूर-अमरावतीकडच्या घरांत शनिवारी एक नवा वाद निघतो: मेळघाटाच्या डोंगरातल्या चिखलदऱ्याला इलेक्ट्रिक गाडी न्यायची की शेजाऱ्याची डिझेल गाडी मागायची? वाद खरा आहे. नागपूरहून चिखलदरा सुमारे २३० किलोमीटर. मध्यम किमतीची इलेक्ट्रिक मोटार चार माणसं, डबे-पिशव्या आणि चालू एसीसह एका चार्जिंगमध्ये अडीचशे-तीनशे किलोमीटर जाते. म्हणजे जाणं होतं, येणं होत नाही. त्यात परतवाडा सोडलं की घाट. पावणेदोन टनांची भरलेली गाडी सातशे मीटर वर उचलायची, तर नुसत्या उंचीचेच सव्वातीन-साडेतीन युनिट जातात. वळणं, ब्रेक, वायपर, काचेवरची वाफ घालवणारा पंखा हे वेगळंच. उतरताना बॅटरीत थोडं परत जमा होतं हे खरं, पण ते दुसऱ्या दिवशी. वर पोचलेल्या माणसाला त्या रात्री प्लग लागतो.

कोकणातल्या समुद्रकाठच्या छोट्या गावांचंही हेच दुखणं आहे, ताडोब्याच्या गेटवरच्या गावांचंही. गाव लहान, वस्ती थोडी, आणि हंगामात त्याच गावात त्याच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं उतरतात. २०११ च्या जनगणनेत चिखलदऱ्याची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास होती. ऑगस्टमधल्या जोडून आलेल्या सुट्टीत घाटात गाड्यांची जी रांग लागते, ती पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको.

यावर सगळ्यांना सुचणारं उत्तर एकच: वर दोन-चार फास्ट चार्जर बसवा. आमदारांकडे निवेदनं जातात ती याचीच, आणि उद्या फीत कापली जाईल तीही याचीच. माझं म्हणणं असं की ही मागणीच चुकीची आहे. ग्रामीण विदर्भाला, आणि चिखलदऱ्याला तर नक्कीच, आधी हवेत ते संथ, स्वस्त, साधे चार्जर. आणि ते रस्त्यावर नव्हे, गाडी जिथे तशीही तासन् तास उभी असते तिथे.

चूक कुठून येते ते बघा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या डिसेंबरात चार्जिंगचे निकष काढले, तेव्हा शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत निदान एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक स्टेशन, असा हिशेब घातला. राज्याच्या २०२५ च्या धोरणातही महामार्गासाठी तोच २५ चा आकडा आहे. समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ आहे, तेही त्याच धोरणातून. हे सगळं जाणाऱ्या गाडीसाठी ठीक. समृद्धीवरून मुंबईकडे सुटलेल्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटांत चहा पिऊन निघायचं असतं. पण घाट चढून चिखलदऱ्याला आलेला माणूस निघत नाही, राहतो. संध्याकाळी सातला लॉजच्या आवारात गाडी लावतो आणि सकाळी सातला काढतो. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सव्वातीन युनिट मिळाले, तर बारा तासांत ३९ होतात. थोडी गळती धरली तरी चाळीस युनिटांची बॅटरी जवळजवळ भरते. त्या माणसाला फास्ट चार्जरचं काय काम? अंतर मोजणाऱ्या धोरणाला मुक्काम दिसत नाही.

आता विजेच्या बाजूने. साठ किलोवॅटचा एक फास्ट चार्जर म्हणजे किती भार, हे खेड्यातल्या माणसाला डीपीच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, भाषेत सांगावं लागतं. आपल्या गावांतल्या डीपी बहुधा ६३ किंवा १०० केव्हीएच्या. म्हणजे एक चार्जर लावला की एक अख्खी डीपी गेली. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर, वेगळी केबल, वेगळी परवानगी, आणि गाडी येवो न येवो, दरमहा स्थिर आकार. उलट पंधरा अँपिअरचा चार्जर हा पाच एचपीच्या मोटरपंपापेक्षाही थोडा कमीच भार घेतो. ज्या लाइनमनने आयुष्यभर मोटरपंपाच्या जोडण्या दिल्या, त्याला यात नवीन शिकायचं फारसं नाही. एका लॉजवर चार सॉकेट म्हणजे साडेतीन-चार मोटरपंप, तेही बराचसा वेळ रात्री अकरानंतर, गिझर आणि स्वयंपाकघर बंद झाल्यावर. हे झेपणारं आहे.

झेपणारं म्हणजे आपोआप होणारं नव्हे. सॉकेट आहे म्हणून चार्जिंग होतं असं नाही, हे मागच्या पावसाळ्यापूर्वी एका लॉजवर नीट पाहायला मिळालं. गाडीसोबत आलेला चार्जर सॉकेटात घातला की त्यावर लाल दिवा. काढून पुन्हा घातला, पुन्हा लाल. मॅनेजर म्हणाला, ‘भाऊ, फ्रिज चालते, गिझर चालते, तुमच्याच गाडीले काय झालं?’ गाडीला काही झालं नव्हतं. अर्थिंग नव्हतं. फ्रिज अर्थिंगशिवाय चालतो, गिझरही चालतो (चालू नये, पण चालतो), इलेक्ट्रिक गाडी मात्र चालत नाही. जमिनीशी जोड नीट नाही असं दिसलं की चार्जर वीज घेतच नाही. शेवटी एक पोरगा मागच्या भिंतीजवळचा अर्थिंगचा खड्डा शोधून आला. वर पालापाचोळा, आत कोरडी ठणठणीत माती. त्यात मूठभर मीठ आणि दोन बादल्या पाणी गेलं, पाच मिनिटांनी दिवा हिरवा.

ही गोष्ट सांगण्यासारखी वाटते कारण विदर्भभर हेच आहे. आमच्या काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ओल खाली जाते आणि अर्थिंगचा विरोध वाढतो. चिखलदऱ्याला वर माती थोडी आणि खाली खडक, तिथे खड्डा खोल घेणंच कठीण. जुन्या इमारतींत तर सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. म्हणून चार्जर वाटण्याच्या योजनेत पहिला खर्च अर्थिंगचा धरायला हवा: खोल खड्डा, नीट इलेक्ट्रोड, वर झाकण, आणि उन्हाळ्यात पाणी घालायची जबाबदारी कोणाची ते लिहून. हा खर्च फोटोत येत नाही, त्याची फीत कापता येत नाही. तोच आधी व्हायला हवा.

दुसरी अडचण मोबाइलची. बाहेरच्या कंपन्यांचे चार्जर चालू करायला त्यांचं ॲप लागतं, ॲपला नेटवर्क लागतं, पैसे भरायला ओटीपी लागतो, आणि चार्जरच्या पोटातल्या सिमलाही रेंज लागते. मेळघाटात रेंज कशी असते हे मेळघाटात गेलेल्यांना विचारा. विजेचा खांब उभा, वीज चालू, गाडी समोर, आणि गोल फिरणाऱ्या चकरीमुळे सगळं अडलेलं. कंपनीगणिक ॲप वेगळं, त्यात आधी पैसे टाकून ठेवायचे, ते वेगळंच. खेड्यात जो चार्जर माणसाच्या हाताने, बटण दाबून आणि रोख पैसे देऊन चालू होत नाही, तो निम्मा वेळ बंदच समजावा. लॉजवरच्या सॉकेटला यातलं काहीच लागत नाही. एक सब-मीटर आणि एक वही पुरते.

लॉजवाल्याने वीज विकली तर कायद्यात बसतं का, अशी शंका अनेकांना असते. बसतं. २०१८ च्या एप्रिलमध्येच केंद्राने खुलासा केला आहे की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे परवाना लागत नाही. राज्यात वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी वेगळा दरगटही केला आहे, त्यासाठी वेगळं मीटर घेता येतं. अडचण कायद्याची नाही, सवयीची आहे. लॉजवाल्याला वाटतं बिल फुगेल, डीपी उडेल, महावितरणचा माणूस येऊन दंड ठोकेल. यातल्या पहिल्या भीतीला सब-मीटर उत्तर आहे, दुसरीला वेळापत्रक. तिसरी घालवायला महावितरणने तालुक्यात एक दिवस येऊन लॉजवाल्यांसमोर बसावं, एवढंच.

मग खाजगी कंपन्या स्वतःहून वर येऊन स्टेशन का टाकत नाहीत? कारण साधं आहे: धंदा वर्षाचे चार महिने. चिखलदऱ्याची गर्दी जुलै ते सप्टेंबर आणि थोडी दिवाळी-नाताळला. ताडोब्याचं नेमकं उलटं, कोअरची गेटं पावसाळ्यात बंद आणि खरी झुंबड एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या पुढे असतो आणि गाडीची बॅटरी स्वतःला थंड ठेवायलाच वीज खाते. बाकीचे महिने तिथला महागडा चार्जर धूळ खात पडणार आणि स्थिर आकार भरत राहणार. असा धंदा कोणी करत नाही, आणि केलाच तर हंगामात युनिटला वीस-बावीस रुपये लावणार. त्या दराने गाडी किलोमीटरमागे तीन रुपयांच्या वर जाते. घरी चार्ज केली तर दीड-पावणेदोन. म्हणजे इलेक्ट्रिक गाडी घेण्यामागची अर्धी बचत घाटावरच संपली.

इथे आमच्या भागातली एक गोष्ट कोणी मोजत नाही: जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचे कारखाने. परतवाड्यापासून अंजनगाव, दर्यापूर, अकोटपर्यंत कापसाच्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगची आवारं आहेत. मोठी जागा, कंपाउंड, चौकीदार, पाण्याची सोय, आणि मुख्य म्हणजे स्वतःची उच्चदाब जोडणी आणि ट्रान्सफॉर्मर. कापूस दिवाळीच्या आगेमागे येतो, मार्च-एप्रिलपर्यंत यंत्रं चालतात, मग आवार ओस. म्हणजे पावसाळ्यात, अगदी ज्या महिन्यांत चिखलदऱ्याला गाड्या चढतात, त्या महिन्यांत घाटाच्या पायथ्याच्या पट्ट्यातली ही मोठी वीजक्षमता निजलेली असते. ज्या थोड्या लोकांना खरंच फास्ट चार्जर हवा, म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे, किंवा धारणीमार्गे पुढे जाणारे, त्यांच्यासाठी चार्जर घाटावर कशाला? पायथ्याला, जिनिंगच्या गेटाबाहेर लावा. गेटाबाहेरच, आत नको, रुईच्या गंजीजवळ ठिणगीचा खेळ कोणीच करू नये. नवा ट्रान्सफॉर्मर नको, नवी लाइन नको. हंगामी भार कसा आकारायचा एवढाच प्रश्न, आणि जिनिंगला हंगामी उद्योग म्हणून दर लावण्याची पद्धत वीज आयोगाला नवी नाही. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात धानगिरण्यांबाबत हाच विचार करता येईल. तिथला हंगाम वेगळा, हिशेब तोच.

अर्थात एका ठिकाणी चार्जरची एकच बंदूक (गाडीत घालायचं टोक) लावून मोकळं होता येणार नाही. एक बिघडली की पुढचा माणूस रस्त्यावर. दोन तरी हव्यात, आणि रांगेचाही विचार हवा. नागपूरने हे आधी भोगलं आहे. २०१७ च्या मे महिन्यात एका ॲप-टॅक्सी कंपनीने नागपुरात सुमारे दोनशे इलेक्ट्रिक वाहनं उतरवली, केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री समारंभाला होते, देशभर बातम्या झाल्या. पुढे चालकांचा दिवस चार्जरपुढच्या रांगेत जाऊ लागला आणि त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा डिझेलची गाडी हवीशी झाली. गाड्या वाईट नव्हत्या. थांबण्याच्या वेळाचा हिशेब कोणी केला नव्हता.

पर्यटकांचं एवढं कौतुक कशाला, असं कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. ग्रामीण विदर्भात इलेक्ट्रिक वाहनांचे खरे गिऱ्हाईक मोटारवाले नाहीतच. ते अप-डाऊनवाले आहेत. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. राहणं अमरावतीला किंवा परतवाड्याला, नोकरी तीस-चाळीस किलोमीटरवर, रोज जाणं-येणं स्कूटरवर. पेट्रोल शंभरावर गेल्यापासून यांच्यातल्या कितीतरी जणांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. सकाळी निघताना बॅटरी भरलेली, पोचेपर्यंत निम्मी, आणि परतीला पाऊस-वारा समोरून आला की जीव टांगणीला. ही स्कूटर दहा ते पाच पंचायत समितीच्या भिंतीला टेकून उभी असते. तिची अख्खी बॅटरी तीन-चार युनिटांची. सात तासांत ती साध्या पाच अँपिअरच्या सॉकेटवरही भरते. म्हणून तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, बाजार समिती आणि एसटी स्टँडच्या पार्किंगमध्ये शेडखाली अशी दहा-दहा सॉकेटं, नाण्याची किंवा कार्डाची, हे पहिलं काम. वेळही सोयीची आहे, कारण तेव्हा ऊन असतं. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांत सकाळी ९ ते ४ या सौर तासांत चार्जिंगची वीज स्वस्त ठेवावी असंच म्हटलं आहे. विदर्भात दुसरं काही कमी असेल, ऊन कमी नाही.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, आणि तो मेळघाटातूनच येतो. आमच्या गावात वादळ झालं की तीन-तीन दिवस लाइट नसतो, आणि तुम्ही वर पर्यटकांच्या गाड्या भरायला निघालात? खरं आहे. चंद्रपूरचं एकटं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, तिरोड्याचं ३,३०० चं. राख आणि धूर आमचा, वीज राज्यभर, आणि त्याच विदर्भाच्या डोंगरात कंदील. हे कोणत्याही चार्जरने फिटणारं देणं नाही. पण चार्जर नाकारल्याने मेळघाटातल्या गावाला तास-दोन तासही जास्त वीज मिळणार नाही. उलट लॉजवाले, एसटी, नगरपरिषद असे रोज ओरडू शकणारे ग्राहक त्या घाटातल्या फीडरवर वाढले, तर झाडांच्या फांद्या वेळेवर छाटल्या जाण्याची शक्यता वाढते. गावातल्या माणसाच्या तक्रारीला जे वजन मिळत नाही ते पर्यटकाच्या तक्रारीला मिळतं, हे न्याय्य नाही. पण आहे ते आहे, आणि त्याचा उपयोग करून घ्यावा.

हा प्रश्न अनुशेषाच्या खात्यात टाकायला मात्र माझा विरोध आहे. पुण्यात इतके चार्जर, अमरावती जिल्ह्यात इतकेच, म्हणून भरून द्या, अशी मागणी एकदा सुरू झाली की सरकारला ती पुरी करणं फार सोपं जातं. आकडा दिला की झालं. पंतप्रधान ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवले आहेत, देशभर सुमारे ७२,००० चार्जरांचं लक्ष्य आहे. त्यातले आपल्या वाट्याचे खांब येतील, रंगवले जातील, ॲपच्या नकाशावर हिरवे ठिपके उगवतील. सहा महिन्यांनी त्यांतले किती चालू आहेत हे विचारणारं कोणी नसेल, कारण मागणी खांबांची होती. आपल्याकडे हातपंप असेच मोजले गेले, सौरदिवे असेच मोजले गेले. म्हणून अनुदान बसवल्याबद्दल देऊच नये. चार्जरमधून जितके युनिट गेले, तितक्यावर द्यावं, आणि सलग काही दिवस बंद राहिला तर थांबवावं. मीटर खोटं बोलत नाही, निदान फीत कापणाऱ्यापेक्षा कमी बोलतं.

चिखलदऱ्याच्या नगरपरिषदेला यासाठी मुंबईची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या जूनच्या आत प्रत्येक लॉज-हॉटेलच्या आवारात खोल्यांच्या प्रमाणात दोन किंवा चार अर्थिंग केलेली सॉकेटं असावीत, एवढी तिने घातलेली अट पुरेशी आहे. बरोबर दराची पाटी हवी. आज काही ठिकाणी ‘गाडी लावायचे पाचशे’ असा ठोक भाव चालतो. पंधरा युनिट घेणाऱ्यालाही पाचशे, पस्तीस घेणाऱ्यालाही पाचशे. सब-मीटर काही शे रुपयांत येतो. युनिटला पंधरा रुपये ठेवले तरी लॉजवाल्याच्या हातात वीजबिल जाऊन दोन पैसे उरतात, आणि रिसेप्शनवर रात्री साडेदहाला होणारी घासाघीस बंद होते. स्कूटरसाठी वेगळा दर नको, युनिट तेच. आणि ज्या जागेवर सॉकेट आहे तिथे डिझेलची इनोव्हा उभी दिसली, तर ती हलवायला सांगण्याची हिंमत चौकीदाराला असावी. त्याच्या मालकाने ती त्याला आधीच द्यायला हवी.